एकशे पाच रुपयांसाठी गोठलेलं खातं

दिल्लीत छोले-भटुरे विकणाऱ्या एका माणसाच्या खात्यात कधीतरी १०५ रुपये आले. क्यूआर कोड स्कॅन झाला, पैसे जमा झाले, गिऱ्हाईक निघून गेलं. पुढे पोलिसांनी माग काढला तेव्हा ते १०५ रुपये एका सायबर फसवणुकीच्या रकमेतला तुकडा निघाले, आणि बँकेने खातं गोठवलं. नुसते १०५ रुपये अडवले असते तर त्याच्या लक्षातही आलं नसतं. अडवलं सगळं खातं. त्यात एक लाख बावीस हजारांवर रक्कम होती. हजारातला एक रुपयासुद्धा वादातला नाही, पण हजारच्या हजार बंद.

तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. तिथे न्यायमूर्ती मनोज जैन यांनी खातं मोकळं करायला सांगितलं आणि धरून ठेवायचेच असतील तर तेवढे १०५ रुपये धरा, असा आदेश दिला. गुन्ह्यात या माणसाचा हात आहे असं काही समोर आलेलं नसताना त्याचं अख्खं खातं बंद ठेवणं हा पोट भरण्याच्या हक्कावरच घाला आहे, आणि हा हक्क घटनेच्या २१व्या कलमात येतो, असं न्यायालयाचं म्हणणं. केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांशी बोलून या बाबतीत एकसारखी कार्यपद्धती ठरवण्याचा विचार करावा, असंही याच न्यायालयाने सुचवलं.

वर्तमानपत्रांनी बातमी 'बिचारा भटुरेवाला' या थाटात छापली आणि दोन दिवसांत ती जुनी झाली. मला मात्र हे प्रकरण सोडवत नाही. मी सांगलीत लहान दुकानदारांची विवरणपत्रं भरतो. चहावाले, पंक्चरवाले, भाजीवाले, घरगुती डबे देणाऱ्या बायका हे माझे अशील. त्यांची अख्खी कमाई आता बँकेच्या उताऱ्यावर दिसते, आणि उताऱ्यावर दिसते म्हणूनच ती एका क्लिकमध्ये अडकूही शकते. या प्रकरणात मला कुणी खलनायक सापडत नाही. साखळीतल्या प्रत्येकाने आपापलं काम केलं. तरीही भटुरेवाल्याला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली, म्हणजे खोट साखळीच्या रचनेतच कुठेतरी आहे.

तुकडा तिथवर येतो कसा

समजा, एका निवृत्त शिक्षिकेला फोन येतो, 'तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय' वगैरे, आणि तिच्या खात्यातून दोन लाख जातात. ते पैसे एका भाडोत्री खात्यात पडतात. पोलीस आणि बँकवाले त्याला 'म्यूल अकाउंट' म्हणतात. कुणा कॉलेजच्या पोराने किंवा मजुराने चार पैशांसाठी आपलं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम दुसऱ्याच्या हवाली केलेलं असतं. तिथून दहा-पंधरा मिनिटांत रक्कम फुटते. चाळीस हजार इकडे, पंचवीस हजार तिकडे, तिथून आणखी पुढे. प्रत्येक उडीला एक 'लेयर'. तिसऱ्या-चौथ्या लेयरला पोचेपर्यंत पैसे हजार-दोन हजारांत विखुरलेले असतात, आणि मग त्या खात्याचा मालक भुकेला असतो. तो गाड्यावर जातो, खातो, स्कॅन करतो.

दरम्यान शिक्षिकेच्या मुलाने १९३० वर फोन केलेला असतो. ही हेल्पलाइन आणि तिच्यामागची यंत्रणा गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने २०२१ पासून उभी केली. तक्रार नोंदली की तिकीट शिक्षिकेच्या बँकेकडे जातं. ती बँक पाहते की पैसे अमुक बँकेत गेले, आणि तिकीट पुढे सरकवते. पुढची बँक पाहते की तिथूनही निघाले, आणि आणखी पुढे सरकवते. पाण्यामागे धावावं तसं तिकीट पैशामागे धावतं. जिथे काही शिल्लक सापडेल तिथे बँकेने ते धरून ठेवायचं.

यंत्रणा चांगली आहे, हे आधी म्हणून टाकतो. पूर्वी पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचा, ठाण्याने बँकेला पत्र लिहायचं, आणि पत्र पोचेपर्यंत पैसे दुबईला पोचायचे. तासाभरात फोन केलेल्या माणसाचे पैसे अर्ध्या वाटेत पकडले गेल्याचं मी स्वतः पाहिलंय.

अडचण शेवटच्या टोकाला आहे. पैशाला रंग नसतो. भाडोत्री खात्यात फसवणुकीचे चाळीस हजार आले तेव्हा त्यात आधीचे साडेतीन हजार पडलेले असतील. नंतर गेलेले १०५ रुपये यांतले की त्यांतले, हे कुणी सांगू शकत नाही. मग हिशेब वेळेवर होतो. वादातली रक्कम आल्यानंतर जे जे बाहेर गेलं, ते तिच्यातलंच धरायचं. त्या पद्धतीने भटुऱ्याची प्लेट गुन्ह्याच्या यादीत येते, आणि त्याच दिवशी त्याच खात्यातून झालेला मोबाइलचा रिचार्जही येतो. फरक इतकाच की रिचार्ज घेणाऱ्या कंपनीचं खातं गोठवायची छाती कुणाची होत नाही.

पेटी बोलत राहते

बस स्टँडजवळ माझे एक अशील आहेत. चहा, वडापाव, सकाळी पोहे. वय साठीच्या आसपास, सगळे त्यांना मामाच म्हणतात, मीही. विवरणपत्राला सात-आठ महिने असताना एक दिवस ते दुपारीच ऑफिसात आले. या वेळेला गाडा सोडून ते कधी हलत नाहीत.

"सायेब, पेटी बोलती, पण पैसं भाईर पडंनात."

मला आधी कळेना. मग त्यांनी मोबाइल पुढे केला. दूधवाल्याचे चार हजार पाठवायचे होते, तीनदा व्यवहार नाकारला गेला होता. खात्यात सव्वीस हजार दिसत होते. मी स्वतः एकदा शंभर रुपये पाठवून पाहायचं ठरवलं, तेही नाही. मग उलटं केलं. माझ्या फोनवरून त्यांच्या क्यूआर कोडवर दहा रुपये टाकले. पैसे क्षणात गेले, आणि गाड्यावर बसलेल्या त्यांच्या मुलाचा फोन आला की पेटीने आत्ता दहा रुपये आल्याचं सांगितलं, कुणाचे आहेत?

याला बँकेत 'डेबिट फ्रीझ' म्हणतात. आत यायचं दार उघडं, बाहेर जायचं बंद. आवाज देणारी ती छोटी पेटी खातं गोठलंय हे सांगत नाही, कारण तिला ते सांगायला कुणी शिकवलेलंच नाही. ती आपली तितक्याच उत्साहाने ओरडत राहते. मामा तीन दिवस त्या बंद खात्यात वडे विकत होते. गिऱ्हाइकाला वाटतंय पैसे दिले, पेटीला वाटतंय पैसे मिळाले, आणि दूधवाला दारात उभा.

शाखेत गेलो. काउंटरवरची मुलगी भली होती. तिने स्क्रीन पाहिला आणि म्हणाली, "सर, वरून आलंय. सायबरचं आहे. आमच्या हातात काही नाही." एका कागदावर तक्रारीचा लांबलचक क्रमांक आणि दुसऱ्या राज्यातल्या एका पोलीस ठाण्याचा ईमेल लिहून दिला. किती रुपयांचं प्रकरण आहे, ते दोनदा विचारल्यावर कळलं. १८० रुपये. सहा वडापाव आणि चार चहा, मामांनी तिथल्या तिथे हिशेब लावला. ते गिऱ्हाईक कोण, ते त्यांना आठवणं शक्यच नव्हतं. स्टँडवरचं गिऱ्हाईक ते, एसटी पकडते आणि जाते.

"मी काय करायचं व्हतं? पोरगं वडा मागतंय, त्याला इचारू व्हय, पैसं कुठनं आणलंस?"

शाखेतल्या कुणाकडे याचं उत्तर नव्हतं. त्या ईमेलवर आम्ही लिहिलं. मामांच्या नावाने, माझ्या मोडक्या इंग्रजीत, दुकानाचा फोटो, उद्यम नोंदणी, तीन महिन्यांचा उतारा जोडून. अकरा दिवसांनी एका तपास अधिकाऱ्याचा फोन आला. माणूस सरळ होता, हिंदीत बोलला, त्याच्याकडे अशी पावणेदोनशे खाती आहेत म्हणाला. तेवढे १८० भरून टाका, बँकेला ना-हरकत पाठवतो. त्यात त्याने काही वावगं मागितलं असं मला वाटत नाही. पण मामांनी विचारलं, मी भरू कशाचे? चोरी मी केली नाही, वडे मी दिले. मी त्यांना म्हटलं, मामा, तत्त्वाचं नंतर बघू, आधी दूधवाला बघा. हा सल्ला मी दिला, आणि त्याची थोडी लाज मला अजून वाटते.

अख्खं खातंच का

आता त्या काउंटरवरच्या मुलीच्या जागी स्वतःला बसवून पाहा. समोर संदेश आहे, अमुक खात्यावर डेबिट फ्रीझ लावा. कित्येक संदेशांत रक्कम लिहिलेली असते, कित्येकांत नसते, आणि असली तरी 'खातं' हाच शब्द ठळक असतो. तिने फक्त १८० रुपयांवर लियन लावला, म्हणजे तेवढी रक्कम अडवून बाकीचं मोकळं ठेवलं, आणि उद्या निघालं की हे खातंही भाडोत्रीच होतं, तर चौकशी तिची. याउलट तिने अख्खं खातं बंद केलं आणि ते एका निरपराध वडेवाल्याचं निघालं, तर चौकशी कुणाचीच नाही. कमी अडवलं तर नोकरीवर बेततं, जास्त अडवलं तर काहीच होत नाही. अशा हिशेबात कोण कमी अडवेल? मी त्या खुर्चीत असतो तर मीही बंदच केलं असतं.

पोलिसाच्या खुर्चीतूनही हेच. त्याच्यासमोर शिक्षिकेचा मुलगा रोज येऊन उभा राहतो. वडेवाला दुसऱ्या राज्यात आहे, त्याचा चेहरा त्याने पाहिलेला नाही, आणि खातं उघडलं नाही म्हणून त्याला कुणी जाब विचारत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खटकते. त्या सगळ्या साखळीत खातेदाराला कळवायचं काम कुणाच्याच नावावर नाही. बँक म्हणते पोलिसांनी सांगावं, पोलीस म्हणतात बँकेने सांगितलं असेल. मामांना कळलं ते दूधवाल्यामुळे. सिलिंडरची सबसिडी जमा झाली की मेसेज येतो, शिल्लक कमी झाली की येतो, वाढदिवसालासुद्धा येतो. खातं गोठलं तेव्हा एक अक्षर नाही.

कायदा काय म्हणतो

बँक खातं पोलीस 'जप्त' करू शकतात का, हा प्रश्न एकेकाळी खरोखर वादाचा होता, आणि त्यात महाराष्ट्राचा सरळ संबंध आहे. लाचलुचपतीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं होतं की जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०२व्या कलमातली 'मालमत्ता' म्हणजे बँक खातं नव्हे. महाराष्ट्र सरकार अपिलात गेलं आणि १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खातंही मालमत्ताच आहे, पोलीस ते रोखू शकतात. आज देशभर रोज गोठणाऱ्या खात्यांचा कायदेशीर पाया हा आहे. त्या वेळी समोर होतं ते भ्रष्टाचाराचं प्रकरण, म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे त्याचंच खातं. आरोपीच्या चौथ्या पिढीतल्या वडेवाल्याचा विचार तेव्हा कुणी करायचं कारणच नव्हतं. यूपीआय यायला अजून सतरा वर्षं होती.

जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. १०२ची जागा १०६ने घेतली. त्यात जुनीच एक अट कायम आहे, की जप्ती केली की दंडाधिकाऱ्यांना ताबडतोब कळवायचं. शिवाय १०७ हे नवं कलम आलं, गुन्ह्यातून मिळालेल्या मालमत्तेवर टाच आणायला. त्यात दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि मालकाला कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते. म्हणजे कायद्यात वडेवाल्याला विचारण्याची सोय आहे. पण सायबर तक्रारींच्या यंत्रणेतून निघालेला संदेश १०६ची वाट धरतो, कारण ती पटकन संपते, आणि दंडाधिकाऱ्यांना कळवायची पायरी कितीदा गाळली जाते ते वकिलांना विचारा.

दिल्लीच्या आधी केरळ उच्च न्यायालयानेही हे पाहिलं होतं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती देवन रामचंद्रन यांच्यासमोर अशा खातेदारांच्या याचिकांचा गठ्ठाच आला. त्यांनी बँकांना सांगितलं, पोलिसांच्या पत्रात जी रक्कम आहे तेवढ्यापुरतंच अडवा, आणि हे किती काळ चालणार ते पोलिसांनी ठरावीक मुदतीत कळवावं. म्हणजे भटुरेवाल्याला जे मिळालं ते तत्त्व एका उच्च न्यायालयाने आधीच मांडलेलं होतं. तरीही दिल्लीत तेच पुन्हा, एकेका माणसाने वकील करून, स्वतःपुरतं मागून घ्यावं लागलं. एकशे पाच रुपयांसाठी उच्च न्यायालयात जायला जो खर्च येतो, त्यात किती प्लेट येतील हे मी मोजलेलं नाही. न गेलेले किती असतील, याचा मात्र विचार येतो.

सराईवाल्याची गोष्ट

कायद्याला हा प्रश्न नवा नाही. डिसेंबर १७५६ मध्ये इंग्लंडात टपालगाडी लुटली गेली. त्यात बँक ऑफ इंग्लंडची साडेएकवीस पौंडांची एक नोट होती. दुसऱ्याच दिवशी ती नोट मिलर नावाच्या एका सराईवाल्याकडे आली, त्याने ती धंद्याच्या ओघात, पूर्ण मोबदला देऊन घेतली. ज्याची नोट चोरीला गेली होती त्याने बँकेला कळवून ठेवलं होतं. मिलर ती वटवायला गेला तर बँकेतल्या रेस नावाच्या कारकुनाने नोट ठेवून घेतली, पैसेही देईना, नोटही देईना. खटला झाला. १७५८ मध्ये लॉर्ड मॅन्सफील्डने निकाल सराईवाल्याच्या बाजूने दिला. नोट ही पैसाच आहे, आणि ज्याने चांगल्या भावनेने, मोबदला देऊन पैसा घेतला त्याच्याकडून तो मागे घेता येत नाही. नाहीतर बाजारात कुणी कुणाची नोट घेणारच नाही.

सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वी कारकून निदान ती एक नोटच अडवून बसला होता. सराईचा गल्ला त्याने कुलूपबंद केला नव्हता.

आपल्याकडेही रोख पैशाच्या बाबतीत आपण असंच वागतो. पाकीटमाराने चोरलेल्या पन्नासच्या नोटेवर वडापाव खाल्ला, तर हवालदार येऊन वडेवाल्याचा डबा सील करत नाही. चोरीचा माल घेणाऱ्याला शिक्षा आहे, पण तो माल चोरीचा आहे हे माहीत असेल किंवा तसं वाटायला कारण असेल तरच. नकली नोट आली तर तेवढी नोट जाते. शिवाय नोट उजेडात धरून बघता येते, तार दिसते का, गांधीजी दिसतात का. क्यूआर कोडवर आलेल्या १०५ रुपयांना उजेडात धरायची सोय नाही. पेटी बोलली की पैसे आले, त्यापलीकडे वडेवाल्याच्या हातात कुठलीही खबरदारी नाही. जिथे खबरदारी शक्यच नाही तिथे जोखीम त्याच्या गळ्यात घालणं मला पटत नाही.

गाड्यावर क्यूआर कोड आला कुठून

तो आपोआप आलेला नाही. नोटबंदीनंतर, २०१६ च्या डिसेंबरात, सरकार गल्लोगल्ली सांगत होतं की मोबाइलवर पैसे घ्या. २०२० मध्ये पंतप्रधान स्वनिधी योजना आली, पथविक्रेत्यांना दहा हजारांचं कर्ज, आणि डिजिटल व्यवहार केले तर महिन्याला शंभर रुपयांपर्यंत बक्षीस, वर्षाला बाराशे. माझ्या कितीतरी अशिलांनी त्या शंभर रुपयांसाठी पोरांना बसवून क्यूआर कोड लावून घेतले. महिन्याला शंभर रुपये देऊन ज्याला या रस्त्यावर आणलं, त्याचा रस्ता एकशे पाच रुपयांनी बंद होतो.

त्याच वर्षी, जानेवारी २०२० पासून, यूपीआयवरचं व्यापारी शुल्क शून्य झालं. वडेवाल्याला वीस रुपयांत वीस रुपयेच मिळतात, कुणी त्यातून पैसा कापत नाही. मी स्वतः या धोरणाचा समर्थक आहे. शुल्क असतं तर दहा रुपयांच्या चहाला कुणी स्कॅन करू दिलं नसतं, आणि २०२५ च्या ऑगस्टात महिन्यातल्या व्यवहारांची संख्या दोन हजार कोटींवर गेली ती गेलीच नसती. पण याची एक बाजू कुणी बोलत नाही. जो पैसे देत नाही तो ग्राहक नसतो. कार्डाचं मशीन घेतलेल्या मोठ्या दुकानाला बँकेचा एक माणूस नेमून दिलेला असतो, काही अडलं तर तो धावतो. मामांच्या क्यूआर कोडमागे कुणीही नाही. पेटी बिघडली तर बदलून मिळते, कारण पेटीचं भाडं येतं. खातं गोठलं तर फोन कुणाला लावायचा?

२०२५ च्या जुलैत बंगळुरूत वेगळ्याच कारणाने दुकानांवर 'यूपीआय नाही, फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. तिथे कर्नाटकच्या व्यापारी कर खात्याने यूपीआयची आकडेवारी पाहून हजारो लहान विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या होत्या. तो प्रश्न निराळा, तिथे सरकारची बाजूही होती. पण पाट्या लावणाऱ्यांचं गणित मामांसारखंच होतं. रोख पैसा दिसत नाही, म्हणून त्याच्यावर कुणी हात टाकत नाही.

मग काय करायचं

शिक्षिकेला विसरून चालणार नाही. तिचे दोन लाख गेलेत, ती झोपलेली नाही. तिच्यासमोर जाऊन 'खाती गोठवू नका' म्हणायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. पहिल्या, दुसऱ्या लेयरचं खातं, जिथे घटकेपूर्वी लाखभर रुपये आले आणि निघायच्या वाटेवर आहेत, ते अख्खं बंद करा, विचारत बसू नका. तिथे एक मिनिटही मोलाचं आहे.

पण चौथ्या लेयरवरचे १०५ रुपये अडवल्याने तिला काय मिळतं? फार तर १०५ रुपये, तेही दंडाधिकाऱ्यांचा आदेश होईल तेव्हा. त्यासाठी एक लाख बावीस हजार बंद ठेवल्याने तिच्या वाट्याला एक पैसाही जास्त येत नाही. लियन आणि फ्रीझ ही दोन्ही बटणं बँकेच्या त्याच स्क्रीनवर आहेत. रक्कम माहीत असेल तर लियन, हा नियम यंत्रणेतच बसवता येतो, म्हणजे काउंटरवरच्या मुलीला शूर व्हायची गरज उरणार नाही. व्यापारी क्यूआर कोडवर आलेली, रोजच्या विक्रीसारखीच दिसणारी शे-दोनशेची रक्कम तर मी मुळात धरूच देणार नाही. दोन वर्षांचा उतारा पाहिला की वडेवाला कोण आणि भाडोत्री कोण हे दहावीचा पोरगाही सांगेल: एकाकडे दिवसाला दीडशे जमा नोंदी, सगळ्या दहा-वीस-साठच्या, सकाळी सहाला सुरू, दुसऱ्याकडे महिनाभर शुकशुकाट आणि मग एका दुपारी अठ्ठ्याण्णव हजार.

आणि मेसेज. त्याला तर कायदा बदलायची, समिती नेमायची काहीच गरज नाही. 'तुमच्या खात्यातली एवढी रक्कम या तक्रारीमुळे अडवली आहे, इथे संपर्क करा.' मराठीत. मामांना वाचता येईल अशा मराठीत.

यातलं काही नव्या शोधाचं नाही, हे मला ठाऊक आहे. दोन उच्च न्यायालयांनी यातलं बरंचसं आपापल्या शब्दांत सांगून झालंय.

मामांचं खातं एकविसाव्या दिवशी मोकळं झालं. दूधवाल्याला तोवर मुलाच्या बायकोच्या गळ्यातल्या मण्यांवर पतपेढीतून कर्ज काढून पैसे दिले होते. १८० रुपये त्यांनी भरले. पावती मागितली, मिळाली नाही. पेटी अजून आहे, गाड्यावर त्याच जागी, उकळत्या तेलाच्या वाफेने पिवळी पडलेली. पण आता रोज रात्री नऊला गाडा झाकला की मामा स्टँडसमोरच्या एटीएमपाशी रांगेत उभे राहतात. दिवसभराचं जे काही जमा झालं असेल ते शंभराच्या पटीत काढून घेतात, पिशवीत घालतात आणि घरी नेतात. परवा त्यांनी मला विचारलं, महिन्यातून किती वेळा फुकट काढता येतात, आणि त्यावर काढले तर बँक किती कापते.